टिकलीवाला आणि देवाचा वाटा

रत्नाला माशा मोजायचा नाद लागला होता, आणि हे ती कुणाला कबूल करणार नव्हती. कबूल केलं असतं तर सावरीपाड्याच्या बायकांनी तिला हातपंपावर येणं नकोसं करून सोडलं असतं. पण खरं तेच होतं. दर तिसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या उरकल्या की ती चहाची जुनी गाळणी, स्टीलची ताटली आणि दिपमालाने दिलेलं भिंग घेऊन वावराकडे सुटायची, आणि पायात चप्पल आहे की नाही हेही तिला वाटेत कळायचं.

दिपमाला जळगावच्या पिंप्राळ्याची. शेतीचं शिकलेली, एका संस्थेत कामाला, साक्रीत खोली घेऊन राहणारी आणि स्कूटरवरून डोंगरातली गावं पालथी घालणारी. तिनेच सावरीपाड्याच्या उतारावरच्या स्ट्रॉबेरीत दहा बरण्या टांगायला लावल्या होत्या. बरणी पारदर्शक, वर लाल चिकटपट्टी, कडेला बारीक भोकं, आत दोन बोटं सिरका आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. सिरक्याच्या वासाने माशी आत शिरते आणि साबणामुळे बुडते. मग ते पाणी गाळायचं, माशा ताटलीत पसरायच्या आणि एक विशिष्ट माशी शोधायची.

"ही बाहेरून आलेली माशी आहे, रत्नाताई," दिपमालाने सांगितलं होतं. "आपली साधी माशी सडक्या फळावर बसते. ही चांगल्या, पिकायला आलेल्या फळाला चिरते आणि आत अंडी घालते. वरून फळ ठणठणीत दिसतं, आत अळ्या. ओळखायचं कसं, तर नराच्या दोन्ही पंखांवर टोकाला एकेक काळा ठिपका असतो."

"म्हंजे टिकली नवरा लावस?" शेजारच्या तुकड्यातल्या भागाबाईने विचारलं, आणि उतारावर स्ट्रॉबेरी लावलेल्या बाराच्या बारा बायका अशा हसल्या की दिपमालाला पुढचं दहा मिनिटं बोलता आलं नाही. त्या दिवसापासून त्या माशीचं नाव टिकलीवाला पडलं.

दोन महिने टिकलीवाला आला नाही. रत्ना वहीत शून्य मांडत राहिली. आणि जानेवारीतल्या एका सकाळी, नऊ नंबरच्या बरणीचं पाणी गाळून गाळणी ताटलीत उपडी केली, भिंग डोळ्याला लावलं, आणि ती पुढे झुकली. पिवळट अंगाची, लाल डोळ्यांची, तिळाएवढी माशी. पंख पसरलेले. दोन्ही पंखांवर एकेक ठिपका, सुईने काजळ टेकवावं इतका नेमका.

खरं तर तिने घाबरायला हवं होतं. पण पहिल्यांदा जे वाटलं ते भय नव्हतंच. सापडला लेकाचा! एवढ्या मोठ्या डोंगरात, एवढ्या मोठ्या आभाळाखाली एवढासा प्राणी, आणि तो तिने शोधला होता. सातवी शिकलेल्या रत्नाने. तिने मोबाइलवर भिंग धरून फोटो काढला, नीट येईना म्हणून चार वेळा काढला, आणि दिपमालाला पाठवला. पाच मिनिटांत फोन वाजला.

"ताई, हीच ती!" दिपमाला जवळजवळ ओरडलीच. "बरणी हलवू नका. मी निघाले."

ती येईपर्यंत मात्र रत्नाचा आनंद ओसरला. कारण पंधरा दिवसांनी रोनक येणार होता.

रोनक म्हणजे जळगावच्या प्रेमचंद शेठचा मुलगा. त्यांचा आइस्क्रीम आणि जॅमचा कारखाना. सावरीपाड्याची स्ट्रॉबेरी चांगली निघाली तर सगळीच्या सगळी तो घेणार होता, यंदाची आणि पुढचीही. पण त्याची एक अट होती. "ताई, मी धंद्यात एवढा कडक नाही," तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता. "पण आमची आजी हीराबाई. जीव असलेलं फळ कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत आलेलं तिला चालत नाही. पाप लागतं म्हणते. मी स्वतः येऊन मिठाच्या पाण्यात फळं टाकून बघणार. एक अळी निघाली तर विषय संपला, मग मला दोष देऊ नका."

आणि विषय संपला तर काय होणार, हे रत्नाला कुणी सांगायला नको होतं. दर दिवाळीनंतर सावरीपाड्याच्या बायका कडेवर पोरं घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जात. यंदा बाराजणी गेल्या नव्हत्या. रत्नाने दारोदार फिरून त्यांना थांबवलं होतं, "एक साल माझ्यावर भरोसा ठेवा" म्हणून. तो भरोसा आता तिळाएवढ्या माशीच्या पंखावर बसला होता.

फवारायचं म्हटलं तर तेही अवघड. एक दिवसाआड तोडणी चालू, फळावर औषध उतरलं तर रोनक तसाही घेणार नव्हता. दिपमालाने उतारभर फिरून पाहिलं आणि म्हणाली, "अजून एकाच कोपऱ्यात आहे. कुठून येते ते शोधलं तर वाचू. मोजत राहा. आता रोज."

रत्नाने मोजलं. दुसऱ्या दिवशी नऊ नंबरमध्ये पाच टिकलीवाले. तिसऱ्या दिवशी चौदा. चौथ्या दिवशी एकतीस! बाकीच्या बरण्यांत शून्य, शून्य, आठ नंबरमध्ये एक, पुन्हा शून्य.

तिच्या या धावपळीवर घरातून एकच टीकाकार होता, तो म्हणजे तिचे सासरे, चिंधा आबा. नवरा नवल पिकअप चालवायचा, तो आठवड्यातून दोनदा घरी. त्यामुळे रोजची जुगलबंदी सून-सासऱ्याचीच.

"माश्या मोजाले कोनी लागस का?" आबा ओट्यावरून विचारत. "हाकली दे अन् कामले लाग."

"मोजल्याबिगर कसं कळी, आबा, कोठून ई ऱ्हायन्यात?"

"नागली व्हती तवय एक माशी नही व्हती," आबा म्हणत, आणि तोंड फिरवत.

नागलीचं, म्हणजे नाचणीचं, वावर मोडून ही लाल फळं लावल्यापासून आबांनी एकही चाखलं नव्हतं. ताटात ठेवलेलं बाजूला सारायचे. "ते फळ शे का खेळनं?" म्हणायचे. रत्नाही हट्टी. रोज ठेवायची, रोज परत उचलायची.

आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. गेला महिनाभर पहिल्या ओळीतली मोठी मोठी फळं सकाळी तोडायला जावं तर गायब. आधी चार, मग पाच. तिने बुलबुलांना शिव्या घातल्या, ओळीवर जाळी टाकली. तरी फळं जातच राहिली. बुलबुल जाळी उचलून, फळ देठासकट खुडून, जाळी पुन्हा नीट दगडाखाली दाबून ठेवत नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण डोळ्यात माशाच भरल्या होत्या ना.

चौथ्या दिवशी दुपारी तिला युक्ती सुचली. तिने घरातल्या तीन रिकाम्या बरण्या घेतल्या, भोकं पाडली आणि नऊ नंबरपासून पुढे तीन दिशांना टांगल्या. एक ओढ्याकडे, एक खालच्या बांधावर, एक वर वाघदेवाच्या उंबराकडे. माशी जिकडून येते तिकडची बरणी जास्त भरणार. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हशीचं रेडकू हरवलं की तिन्ही वाटांवर शेणाचा माग काढतात, तसंच तर हे.

पाचव्या दिवशी उजाडता उजाडता ती धावतच गेली. ओढ्याकडची बरणी: दोन. बांधावरची: एक. उंबराकडची बरणी तिने ताटलीत ओतली आणि मोजायला सुरुवात केली, चाळीसला थांबली, पुन्हा मोजली. त्रेपन्न!

"घावलास!" ती मोठ्याने म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

वाघदेव म्हणजे उंबराखालचा शेंदूर माखलेला दगड, त्याच्याभोवती मातीचा ओटा. पाड्याची रीत अशी की सुनांनी त्या ओट्यावर चढायचं नाही, खालूनच हात जोडायचे. आणि दुसरी रीत अशी की देवापुढे ठेवलेला पहिल्या पिकाचा वाटा उचलायचा नाही. तो तिथेच राहायचा, पाखरांनी खावा, मुंग्यांनी खावा, नाहीतर मातीला मिळावा. नागलीची ओंजळ दोन दिवसांत चिमण्या संपवत, त्यामुळे त्या रीतीचा कधी कुणाला त्रास झाला नव्हता.

रत्ना ओट्याच्या खाली उभी राहून मान उंचावून बघत होती, तेवढ्यात पाठीमागून खोकल्याचा आवाज आला. ती उंबराच्या बुंध्याआड सरकली. का सरकली ते तिलाच ठाऊक नाही.

चिंधा आबा आले. चपला खाली काढल्या. ओट्यावर चढले, दगडामागे वाकले आणि एकामागून एक गाडगी पुढे ओढली. पाच गाडगी, प्रत्येकावर पळसाचं पान आणि पानावर दगड, माकडांनी हात घालू नये म्हणून. मग त्यांनी धोतराचा सोगा सोडला. आतून सात टपोऱ्या स्ट्रॉबेऱ्या निघाल्या. रत्नाने त्या ओळखल्या. काल संध्याकाळी तिने त्याच फळांवर जाळी दाबली होती.

"बाप्पा," आबा म्हणाले, अगदी शेजाऱ्याशी बोलावं तसं, "मनी सूनकडे ध्यान ठेव. त्या माश्या वाढी ऱ्हायन्यात. पोर जेवस नही, रातले कूस बदलत ऱ्हास. काल पाच दिधात, आज सात ले. पन त्यास्ले हाकल."

त्यांनी पान बाजूला केलं, आणि गाडग्यातून माशांचा बारीक ढग उठून त्यांच्या पागोट्याभोवती फिरला. आबांनी तो हाताने वारला आणि सात फळं आत ठेवली.

रत्नाला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि नक्की कुठलं आधी बाहेर पडेल ते कळेना म्हणून तिने पदर तोंडात कोंबला. ज्या म्हाताऱ्याने हंगामभर तिच्या फळांना खेळणं म्हटलं, तो महिनाभर रोज पहाटे चोरून तिच्याचसाठी देवाला साकडं घालत होता. आणि जितकी माशी वाढली तितका नवस वाढला, आणि जितका नवस वाढला तितकी माशी. रोज ताजं, गोड, सावलीत झाकलेलं फळ. टिकलीवाल्याची बाळंतपणं देवाच्या ओट्यावर मोठ्या थाटात चालली होती!

ती बुंध्याआडून पुढे आली. "आबा."

आबा असे चमकले की हातातलं पान खाली पडलं. "तू? आठे काय करी ऱ्हायनी?"

"माश्या मोजी ऱ्हायनू." तिने ताटली ओट्याच्या कडेवर ठेवली आणि भिंग पुढे केलं. "हाई देखा. पंखवर टिकली शे का?"

आबांनी एक डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिले. मग भिंग खाली ठेवून त्यांनी गाडग्याकडे पाहिलं, पुन्हा ताटलीकडे, पुन्हा गाडग्याकडे. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

"म्हंजे मीच पाळ्यात त्या?" ते हळूच म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा रत्नाने सासऱ्याचा चेहरा असा पडलेला पाहिला. बायको गेली तेव्हासुद्धा त्यांनी मान ताठ ठेवली होती. तिला वाटलं, आत्ता या माणसाला कुणी एक शब्द बोललं तर आपण त्याचं डोकं फोडू.

"तुम्ही चांगलंच करं, आबा. पन आते हाई काढनं पडी. दहा दिन शेत. रोनक येवावर शे."

"देवना वाटा शे, बेटा. मांगे लेता येस नही."

दोघांनी वाघदेवाकडे पाहिलं. उंबरावर पाखरं कलकलत होती. शेवटी आबाच म्हणाले, "कौल लाऊत. तो हा म्हना तर काढूत."

कौल म्हणजे देवाच्या उजव्या खांद्यावर फूल ठेवायचं. पडलं तर देवाचा होकार. आबांनी झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. "बाप्पा, हाई बठ्ठं आज उचली लेऊ दे. पोरनी परीक्षा पार पाड. मंग तुना वाटा मी गाडगामा नही ठेवाव. तुना नावनं रोज मी खासू."

आता फूल पडायला हवं. पण दगडावर तेल-शेंदराचा हा एवढा थर, आणि थंडीत तो लोण्यासारखा घट्ट. फूल चिकटून बसलं. रत्ना खालून बघत होती. एक मिनिट गेलं. दोन. दहा दिवस, बारा तुकडे, बारा बायका, आणि सगळं एका झेंडूवर अडलेलं.

आणि मग आबांना खोकला आला. साधा नाही, पार बेंबीच्या देठापासून आलेला, देवाच्या तोंडासमोर वाकून खोकलेला खोकला. झेंडू टुणकन उडाला आणि उजव्या बाजूला ओट्यावर पडला.

"उजवा कौल," आबा म्हणाले.

"हा आबा," रत्ना म्हणाली.

"वारं उनं, त्यानीच फूल पाडं."

"हा आबा. मीबी देखं."

मग जी पळापळ उडाली ती विचारू नका! आबांनी स्वतःच्या हातांनी पाचही गाडगी काळ्या पिशव्यांत रिकामी केली, तोंडं घट्ट बांधली आणि पिशव्या उन्हात खडकावर टाकल्या. दिपमाला आली, तिने सांगितलं की आत जे काही वळवळतंय ते तीन-चार दिवसांत उन्हाने मरेल. उंबराभोवती पाच बरण्या आणखी टांगल्या. भागाबाई आणि बाकीच्या बायका कोपऱ्यातल्या चारही ओळींवर तुटून पडल्या. लाल, गुलाबी, अर्धं पांढरं, एकही फळ ठेवलं नाही, तेही पिशव्यांत. पुढचे दहा दिवस उतारावर एक पिकलं फळ रात्र काढेना. रोज तोडणी, रोज मोजणी. नऊ नंबर: चाळीस. बावीस. नऊ. तीन. तीन. एक. आकडा खाली आला की रत्ना वहीतून डोकं वर काढून ओरडायची आणि उतारावरून बाराजणी परत ओरडायच्या. शेवटचे दोन दिवस शून्य. आबा आता रोज स्वतः विचारत, "आज कितला?"

रोनक ठरल्या दिवशी आला. पांढरा शर्ट, हातात मिठाची पुडी आणि काचेचं पसरट भांडं. त्याने पाणी कोमट करायला लावलं, मीठ विरघळवलं आणि म्हणाला, "फळं मी तोडणार." बायकांनी मान डोलावली. तो उतारभर हिंडला, आणि हिंडत हिंडत नेमका वरच्या कोपऱ्यात, पहिल्या ओळीशी जाऊन उभा राहिला. रत्नाने भागाबाईचा हात धरला. त्याने त्या ओळीतली आठ फळं खुडली, बाकीची बारा इकडून तिकडून.

वीस फळं मिठाच्या पाण्यात गेली. आत अळी असेल तर पाव तासात गुदमरून बाहेर येते. "मी बघत नाही," रोनक म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला. "जीव तडफडताना मला बघवत नाही. तुम्हीच सांगा."

पाच मिनिटं. बायका भांड्याभोवती बसल्या होत्या, कुणी पापणी हलवत नव्हतं. आबा जरा लांब, दगडावर. दहा मिनिटं. मग एका फळाच्या देठाजवळून काहीतरी पांढरं सुटलं. बारीक, वाकडं, पाण्यात डोललं आणि वर आलं.

भागाबाईने तोंडावर हात घेतला. दिपमालाचा रंग उडाला. "काय झालं?" रोनकने पाठमोरंच विचारलं.

रत्नाने भिंग उचललं नाही, आधी चमचा घेतला. त्याने ते पांढरं काढलं, ताटलीत ठेवलं आणि भिंग लावलं. दोन महिने तिने याच भिंगातून बघितलं होतं. काय वळतं आणि काय नुसतं पडून राहतं, हे आता तिचा डोळा तिच्या आधी ओळखत होता.

"केसर शे," ती म्हणाली. मग रोनकला ऐकू जावं म्हणून मोठ्याने पुन्हा म्हणाली. "फुलाचं वाळलेलं केसर. अळी नाही. तुम्हीच बघा शेठ, बघायला भ्यायचं काही नाही."

रोनक वळला. भिंगातून बघितलं. दिपमालानेही बघितलं आणि जोरजोरात मान हलवली. उरलेली पाच मिनिटं संपली, आणखी पाच वर गेली. पाण्यात काहीच हललं नाही. रोनकने खिशातून मोबाइल काढला आणि आजीला फोन लावला. "दादी, साफ आहे," एवढंच तो म्हणाला, आणि पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही, कारण भागाबाईने दिपमालाला उचलून गरगर फिरवलं होतं.

गडबड ओसरल्यावर रत्नाने इकडेतिकडे पाहिलं. दगडावर आबा नव्हते. ती उंबराकडे गेली.

आबा ओट्यावर उभे होते, हातात एक स्ट्रॉबेरी. पहिल्या ओळीतली, सगळ्यात मोठी, खांद्याशी अजून पांढरी. कबूल केलेला शब्द पाळायचा होता. त्यांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि अख्खं फळ तोंडात टाकलं.

आबांचा चेहरा असा काही गोळा झाला की मिशा नाकाला लागल्या.

"आंबट शे व माय!" ते ओरडले. "अन् मी हाई देवले चारी ऱ्हायंथू? महिनाभर?"

रत्ना हसली. इतके दिवस आत दाबलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर आलं, डोळ्यांतून पाणी वाहिलं तरी ती थांबेना. मग ती पहिल्या ओळीशी बसली, पानं बाजूला केली आणि खाली मातीजवळ लपलेलं एक लहानसं, देठापर्यंत गर्द लाल फळ खुडलं. ओट्याखाली उभं राहून तिने ते वर केलं.

आबांनी ते संशयाने तोंडात ठेवलं. चावलं. थांबले. पुन्हा चावलं. मग ते वाघदेवाकडे वळले आणि दोन्ही हात जोडले.

"चूक व्हयनी, बाप्पा," ते म्हणाले. "गोड कोनतं ते मनी सूनले ठाऊक व्हतं. तिले इचारनंच राही गयं."

आणि न वळताच त्यांनी एक हात मागे, रत्नाकडे पसरला, आणखी एका फळासाठी.